नकाशात निम्मा, गावात काठोकाठ: मामा तलावांच्या उपग्रह-नोंदी दर हंगामात का चुकतात आणि दुरुस्ती कुठे करायची

सप्टेंबरअखेर ही तक्रार हमखास येते. तलाव सांडव्याला लागलेला असतो, मच्छीमार संस्थेचे डोंगे पाण्यात असतात आणि संगणकावरचा नकाशा म्हणतो की पाणी निम्म्यावर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये याच्या उलट. पाऊस अजून नीट लागलेला नसतो, तरी तलावाचे क्षेत्र दुप्पट दिसते. मार्चमध्ये तळ उघडा पडलेला असताना नकाशात तोच हिरवागार, आणि तो हिरवा रंग म्हणजे वनस्पतींखालचे पाणी की नुसते पीक, हे काही केल्या ठरत नाही. कोणी सॉफ्टवेअर बदलतो, कोणी नवे प्रशिक्षण मागतो, आणि पुढच्या वर्षी तेच आकडे पुन्हा ग्रामसभेत हशाचे कारण होतात. गावाचा विश्वास एकदा उडाला की चांगल्या नोंदीही कोणी ऐकत नाही, म्हणून हा प्रश्न मुळापासून सोडवायला हवा.

हे लिखाण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या ‘मामा’ तलावांपुरते आहे. तिथले तलाव उथळ, पसरट, भोवती धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, आणि आत कमळ, शिंगाडा, बेशरमाची झुडपे. उपग्रहाला गोंधळात टाकणारे जे जे काही असते ते सगळे इथे एकाच जागी भेटते.

पहिली गोष्ट ही की बिघाड एक नसतो. चार-पाच वेगवेगळ्या चुका वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत येतात आणि वरवर सारख्याच दिसतात. म्हणून एक दुरुस्त केली की दुसरी डोके वर काढते आणि वाटते, दुरुस्ती वाया गेली. आकडा चुकला की आधी महिना विचारा. निम्मे निदान तिथेच होते.

बाराही महिने चूक येत असेल तर

मग हवामानाचा दोष नाही, जागेचा आहे. तलाव नकाशात चुकीच्या ठिकाणी बसलेला असतो.

सगळ्यात जास्त वेळा सापडते ते अंश-मिनिटांचे प्रकरण. रजिस्टरमध्ये अक्षांश 20 अंश 48 मिनिटे 30 सेकंद असा लिहिलेला असतो आणि भरणारा तो 20.4830 असा टाइप करतो. खरा दशांशातला आकडा 20.8083 आहे. फरक वाचताना किरकोळ वाटतो, पण जमिनीवर तो सुमारे 36 किलोमीटर होतो. तुम्ही दुसऱ्याच तालुक्यातल्या कोणाच्या तरी शेताचे पाणी मोजत बसता. दुसरा प्रकार अदलाबदलीचा. नकाशावरच्या जागा साठवणाऱ्या केएमएल फाइलमध्ये रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लिहितात, आपल्याला बोलताना उलटी सवय असते. अदलाबदल झाली तर भंडाऱ्याजवळचा तलाव थेट आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर जाऊन पडतो. ही चूक लगेच लक्षात येते. पहिली मात्र येत नाही, कारण तो बिंदूही आपल्याच मुलखात पडतो.

जागा बरोबर असेल तर हद्द पाहा. केंद्र सरकारने 2023 मध्ये जाहीर केलेल्या पहिल्या जलसाठा गणनेत महाराष्ट्रातल्या 97,062 जलसाठ्यांची नोंद आहे. यादी म्हणून ती फार उपयोगाची. पण यादीतला बिंदू म्हणजे तलावाची हद्द नव्हे, आणि त्या बिंदूभोवती गोल काढून पाणी मोजले तर पाळीखालच्या (पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध) बांध्याही त्यात येतात. महसुली गाव-नकाशा उपग्रह-चित्रावर चढवला तर तो कित्येकदा सरकलेला असतो. पाळ आणि रस्त्याचा फाटा असे दोन-तीन पक्के खुणेचे बिंदू जुळवल्याशिवाय त्यावर विसंबू नका. तलावाच्या मालकीचा आणि निस्ताराचा प्रश्न असेल तेव्हा निस्तार पत्रक (गावाच्या सामायिक वापरहक्कांची महसुली नोंद) आणि गट नंबर हाच आधार. पाणी मोजण्यासाठी मात्र हद्द वेगळी काढावी लागते: ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या निरभ्र चित्रावर, तलाव पूर्ण भरलेला असताना, पाण्याच्या काठाने. उन्हाळ्यातल्या चित्रावर काढली तर वरच्या अंगाचा उथळ पसारा हद्दीबाहेर राहतो, आणि नेमका तोच भाग आधी भरतो-आटतो.

आणि प्रत्येक तलावाला क्रमांक द्या. ‘मोठा तलाव’ आणि ‘गाव तलाव’ ही नावे दर दुसऱ्या गावात आहेत. दोन गावांच्या नोंदी एकाच नावाखाली मिसळल्या की त्या पुन्हा वेगळ्या करणे फार कष्टाचे असते.

जून ते सप्टेंबर: ढग आणि रोवणी (धानाची लावणी)

पावसाळ्यात सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाची चित्रे ढगांनी भरलेली असतात. त्यातही दोन वेगळ्या अडचणी आहेत. एक, ढगाची सावली गडद असते आणि साध्या गणिताला ती पाणी वाटते. दुसरी अडचण आपणच निर्माण केलेली: चित्रे निवडताना ‘20 टक्क्यांपेक्षा कमी ढग’ अशी चाळणी लावतो. ही टक्केवारी सुमारे 100 किलोमीटर लांबी-रुंदीच्या अख्ख्या चित्राची असते. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीवर लख्ख ऊन असले तरी उरलेल्या भागात ढग होते म्हणून ते चित्र बाद होते आणि तीन महिने नोंद कोरी राहते. चाळणी अख्ख्या चित्रावर लावू नका, तलावाच्या हद्दीवर लावा. गूगल अर्थ इंजिन या उपग्रह-चित्रांवर काम करण्याच्या ऑनलाइन साधनात हे चार ओळींचे काम आहे. महिन्यातली जेवढी स्वच्छ चित्रे मिळतील त्यांचा मध्यक घेतला तर सावलीचा प्रश्नही बराचसा मिटतो.

ढगांचा कंटाळा येऊन लोक रडारकडे, म्हणजे सेंटिनेल-1 कडे वळतात. निर्णय बरोबर आहे. रडारला ढग आडवे येत नाहीत, संथ पाण्यावरून लहरी दुसरीकडे परावर्तित होतात आणि पाणी काळे दिसते. पण रोवणीच्या दिवसांत बांध्यांमध्येही संथ पाणीच उभे असते. रडारला पाळीच्या अलीकडचे आणि पलीकडचे पाणी सारखेच. तलाव जुलै-ऑगस्टमध्ये दुप्पट दिसतो तो यामुळे. उन्हाळी धान घेणाऱ्या गावांत हीच चूक जानेवारी-फेब्रुवारीतही येते आणि तेव्हा कोणाला रोवणी आठवत नाही. उपाय गणितात नाही, हद्दीत आहे: वर सांगितल्याप्रमाणे काढलेल्या हद्दीबाहेरचे काहीही मोजायचे नाही. एखाद्या तारखेला तलाव अचानक आटल्यासारखा दिसला आणि पुढच्या फेरीला परत भरला, तर त्या दिवशी वारा होता असे समजा. वाऱ्याने पाणी हलले की ते रडारला उजळ दिसते. अशी एकटी नोंद सरळ गाळून टाका.

ऑक्टोबर ते जानेवारी: पाण्यावरची हिरवळ

इथे जरा थांबून समजून घ्यावे असे बरेच आहे, आणि सप्टेंबरअखेरच्या त्या तक्रारीचे उत्तरही इथेच आहे.

पाणी शोधण्याचे सगळ्यात प्रचलित गणित एनडीडब्ल्यूआय. हिरवा प्रकाश किती परत येतो आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश किती परत येतो, याची ती तुलना आहे. पाणी अवरक्त प्रकाश गिळून टाकते, म्हणून आकडा शून्याच्या वर जातो. झाडाचे पान मात्र तोच प्रकाश जोराने परत फेकते. तलावावर कमळाची पाने पसरली, शिंगाड्याचे वेल पसरले, जलपर्णी दाटली की खाली दोन मीटर पाणी असले तरी आकडा शून्याखाली जातो. नकाशा ‘पाणी नाही’ म्हणतो. तो खोटे बोलत नाही, त्याला पानच दिसते आहे.

डायनॅमिक वर्ल्डसारख्या तयार नकाशात यासाठी पाण्यातल्या वनस्पतींचा वेगळा वर्ग आहे. बरेच जण फक्त ‘पाणी’ हा वर्ग मोजतात आणि हा दुसरा वर्ग विसरतात. तलावाच्या हद्दीत दोन्हींची बेरीज करा, निम्मी तक्रार तिथेच संपेल. उरलेल्यासाठी तलावाचा क्रम पाहावा लागतो. जो भाग पावसाळ्यात पाण्याखाली होता आणि नोव्हेंबरात हिरवा झाला, तो जवळपास नेहमी वनस्पतींनी झाकलेले पाणीच असतो. इतक्या लवकर तळ उघडा पडून त्यावर पीक उभे राहत नाही.

फेब्रुवारीनंतर हा तर्क चालत नाही. पाणी मागे सरकते आणि उघड्या पडलेल्या ओल्या गाळावर गाळपेर होते. आता हिरवा म्हणजे पीकही असू शकते, बेशरमाचे रानही असू शकते आणि पाण्यावरचे झाकणही. उपग्रहाच्या एका चित्रावरून या तिघांत फरक करणे मला भरवशाचे वाटत नाही, आणि कोणी तसा दावा केला तर पुरावा मागावा. काठावर उभे राहून काढलेला एक फोटो इथे कोणत्याही गणितापेक्षा मोलाचा आहे. फोनचे जीपीएस मोकळ्या आकाशाखाली काही मीटरपर्यंत बरोबर असते, तेवढे पुरे. फक्त फोटो तलावावरच काढायचा, नोंद भरताना घरी बसून नव्हे.

वनस्पतींची नोंद ठेवण्याला दुसरेही कारण आहे. ढिवर समाजाच्या मासेमारीसाठी कोणती पाने हवीत आणि कोणती नकोत हा तलावाच्या पुनरुज्जीवनातला मुख्य प्रश्न आहे. बेशरम वाढले की देशी पाणवनस्पती मागे हटतात, आणि त्यांच्या आडोशाने वाढणारे मासेही. नकाशावर दोन्ही हिरवेच. ‘तलावात 40 टक्के हिरवळ’ या आकड्याच्या आधारे जेसीबी लावून सगळेच साफ करू नका. कोणती हिरवळ ठेवायची ते जाळे टाकणाऱ्यांना विचारून मग हात लावा.

गढूळ पाण्याची अडचण याच मालिकेतली, पण सोपी. पहिल्या पावसाचे चहाच्या रंगाचे पाणी अवरक्त प्रकाश थोडा परत पाठवते आणि शून्य ही मर्यादा त्याला ओलांडता येत नाही. मर्यादा उणे 0.1 च्या आसपास आणून पाहा, किंवा लघु-अवरक्त पट्टा (प्रकाशाचा आणखी एक न दिसणारा भाग) वापरणारे एमएनडीडब्ल्यूआय गणित घ्या. मात्र त्या पट्ट्यातल्या चित्राचा प्रत्येक चौकोन 20 मीटरचा असतो, ही गोष्ट पुढे बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, बाबतीत आडवी येते.

आलेख 2022 पासून अचानक खाली आला असेल तर

तलावाला काही झालेले नाही. 25 जानेवारी 2022 पासून सेंटिनेल-2 च्या आकड्यांत प्रक्रियेच्या बदलामुळे 1000 ची भर पडू लागली. गणित भागाकाराचे असल्याने परिणाम मोठा होतो. समजा, पाण्याचा हिरव्या पट्ट्यातला आकडा 600 आणि अवरक्तातला 200 होता, तर उत्तर 0.5 येते. दोन्हीत 1000 मिळवले तर तेच पाणी 0.14 दाखवते. तुमची मर्यादा 0.2 असेल तर तलाव एका रात्रीत नाहीसा. अर्थ इंजिनमध्ये ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संच घेतला की हे आपोआप सुधारते. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घेतलेल्या चित्रांत मात्र ते 1000 स्वतः वजा करावे लागतात. जुनी स्क्रिप्ट वर्षानुवर्षे तशीच चालवणाऱ्यांकडे ही चूक अजून जिवंत आहे.

बोडी मोजायला जाऊ नका

नवेगाव बांधसारख्या मोठ्या तलावावर वरच्या बहुतेक चुका आकड्यात जिरून जातात. बोडीचे तसे नाही. एक एकर म्हणजे सुमारे 4,047 चौरस मीटर. उपग्रह-चित्र ज्या 10 मीटरच्या चौकोनांचे बनते त्यांत एक एकराची बोडी जेमतेम 40 चौकोन व्यापते, आणि त्यातले निम्म्याहून जास्त काठावरचे, म्हणजे अर्धे पाणी अर्धी जमीन असलेले. 20 मीटरच्या पट्ट्यात उरतात 10 चौकोन. लँडसॅट या दुसऱ्या उपग्रहाच्या 30 मीटरमध्ये चार-पाच. इतक्या कमी चौकोनांवर ‘यंदा 15 टक्के घट’ असे म्हणण्यात काही अर्थ नाही. एक हेक्टरपेक्षा लहान असेल तर उपग्रहाकडून फक्त ‘पाणी आहे किंवा नाही’ एवढेच घ्या. बाकीचे पट्टीवर, म्हणजे तलावात बसवलेल्या पाणीपातळीच्या मोजपट्टीवर.

गाळ काढला तरी आलेख हलत नाही

ही तक्रार सगळ्यात गंभीर आहे, कारण तिच्यावरून चुकीचे निर्णय होतात. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत किंवा लोकवर्गणीतून गाळ निघतो, गावकरी ट्रॉल्या भरून शेतात नेतात, आणि पुढच्या नोव्हेंबरात उपग्रहाचा आलेख गेल्या वर्षीसारखाच येतो. मग कोणीतरी म्हणते, काही उपयोग झाला नाही.

उपग्रह पाण्याचे क्षेत्र पाहतो, खोली पाहत नाही. गाळ काढल्याने तलाव खोल होतो, रुंद होत नाही. अमृत सरोवराचा निकष पाहा: किमान एक एकर आणि सुमारे 10,000 घनमीटर साठा. म्हणजे सरासरी जवळपास अडीच मीटर खोली. त्याच एक एकरात खोली एक मीटर असती तर साठा 4,047 घनमीटर, आणि वरून दोन्ही तलाव अगदी सारखे दिसले असते. गाळ काढल्याचा परिणाम क्षेत्रात शोधायचाच असेल तर भरलेल्या तलावात शोधू नका. पाणी किती उशिरापर्यंत टिकले ते पाहा. मार्च-एप्रिलच्या नोंदी पावसाचे वर्ष लक्षात घेऊन आधीच्या वर्षांशी ताडा.

साठ्याचा आकडा हवा असेल तर पट्टी लागतेच. ती कशी बसवायची यावर तिचा सगळा उपयोग ठरतो. बहुतेक ठिकाणी शून्य तळाशी धरतात. पुढच्या उन्हाळ्यात तळ खणला जातो आणि शून्य हरवते. शून्य सांडव्याच्या माथ्यावर धरा आणि ‘माथ्यापासून पाणी किती खाली’ अशी नोंद करा. सांडव्याचा दगड किंवा काँक्रीट वर्षानुवर्षे जागा सोडत नाही. पट्टी वाकली, वाहून गेली तरी नवी त्याच पातळीला बसवता येते. ट्यूब-लेव्हलने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) पातळी सांडव्यापासून गेटच्या बांधकामापर्यंत आणायची, तिथे दर 10 सेंटिमीटरला ऑइल पेंटची रेघ. रोजची नोंद करायला वेगळा माणूस नको, मच्छीमार संस्थेचे सभासद तसेही पहाटे पाण्यावर असतात.

पट्टी बसली की उपग्रह खऱ्या अर्थाने कामाला येतो. पाणी उतरत असताना स्वच्छ चित्र मिळालेल्या प्रत्येक तारखेचे क्षेत्र आणि त्याच दिवशीची पट्टी शेजारी-शेजारी लिहा. समजा, पाणी माथ्याखाली 1.2 मीटर असताना क्षेत्र 6 हेक्टर होते आणि 1.7 मीटर असताना 4.4 हेक्टर. मधल्या अर्ध्या मीटरात सरासरी 5.2 हेक्टर, म्हणजे 26,000 घनमीटर पाणी. असे टप्पे जोडत गेले की एका हंगामात त्या तलावाचा तक्ता तयार होतो आणि नंतर नुसत्या पट्टीवरून साठा सांगता येतो. तारखा निवडताना पाण्यावर पाने कमी असलेल्या निवडा. आणि गाळ काढला की जुना तक्ता बाद, खणलेल्या भागाची मोजणी नव्याने करायची. हे विसरले जाते आणि मग गाळ काढूनही साठा ‘तेवढाच’ राहतो, कारण तक्ताच जुना असतो.

किती गाळ निघाला हे ट्रॉल्यांवरून ठरवताना एक वजावट करा. खणलेली माती सैल होऊन फुगते, साधारण पाचवा ते चौथा हिस्सा. 100 ब्रास वाहून नेली म्हणजे तलावात 100 ब्रासची जागा झाली असे नाही. कोरड्या तळाची खणण्याआधी आणि नंतर लेव्हल घेणे हाच खरा हिशेब.

याच्यापेक्षा मोठा प्रश्न कुठे खणले हा आहे. गेटच्या उंबऱ्याखाली खणलेल्या भागातले पाणी पाटात आपणहून चढत नाही. मासे, गुरे आणि जमिनीतली मुरवण यांना त्याचा फायदा आहे, धानाच्या शेवटच्या पाण्याला नाही. अहवालात ‘सिंचन क्षमता वाढली’ असे लिहायचे असेल तर उंबऱ्याच्या वर किती गाळ निघाला तो आकडा वेगळा काढा. आणि चिकण मातीचा थर फोडून मुरमापर्यंत जाऊ नका, पाळीच्या पायथ्याशीही खणू नका. त्यातून होणारी गळती कोणत्याही नकाशात दिसत नाही. ती पाळीखालच्या ओलसर बांध्यांत दिसते.

सेन्सर रोज दुपारी पाणी चढल्याचे दाखवतो

हे थोडक्यात. काही तलावांवर पाणीपातळी मोजायला बसवलेला अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाजाचा प्रतिध्वनी मोजतो आणि तापलेल्या हवेत आवाज वेगाने जातो. 20 अंशांना सेकंदाला सुमारे 343 मीटर, 45 अंशांना 358. सेन्सर पाण्यापासून 3 मीटर वर असेल आणि तापमानाची दुरुस्ती लावलेली नसेल, तर एवढ्याने 13 सेंटिमीटरचा फरक पडतो. प्रतिध्वनी लवकर परततो, अंतर कमी वाटते, पाणी चढलेले वाटते. रात्री पुन्हा उतरते. तापमान मोजणारा भाग जोडा, तो सावलीत ठेवा, आणि तुलनेसाठी फक्त पहाटेची नोंद धरा. पाणी पार जवळ आले की आकडा अडकून बसतो, कारण 20-25 सेंटिमीटरच्या आतले अंतर असले स्वस्त सेन्सर मोजू शकत नाहीत. म्हणून तो सांडव्याच्या पातळीच्या किमान अर्धा मीटर वर बसवा. आकडे वेडेवाकडे येत असतील तर तोंडावरचे कोळ्याचे जाळे आधी काढा. दर आठवड्याला एक नोंद रंगवलेल्या पट्टीशी ताडून पाहा, आणि दोहोंत फरक आला तर पट्टीचा आकडा रजिस्टरला लिहून सेन्सर उतरवून तपासा.